खेळाडू गेला, पात्र मेलं

तीन आठवडे झाले, आमचा शनिवारचा खेळ बंद आहे. कारण एकच. भैरूला मारायचं की नाही, हे ठरत नाहीये!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ, 1974 पासूनचा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र. एक जण डंजन मास्टर, म्हणजे सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतंय ते बोलतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमच्याकडे सूत्रधार मी. आई याला 'तुमचा भातुकलीचा खेळ' म्हणते. (स्वतः रोज साडेसात ते दहा मालिका बघते, पण ते असो.)

भैरू म्हणजे कुऱ्हाडवाला बुटका ड्वॉर्फ, माझ्या जुन्या रूममेटचा. रूममेट गेला ऑनसाइट, कॅलिफोर्नियाला. दोन शनिवार लॅपटॉपवरून खेळला. आमची रात्र म्हणजे त्याची सकाळ, डोळे चोळत बसायचा. तिसऱ्या शनिवारी मेसेज आला, 'तुम्ही खेळा रे, माझ्यासाठी थांबू नका.'

आता भैरूचं काय? ग्रुपमधला एक जण म्हणतो, तो गावाला गेलाय असं दाखव. दुसरा म्हणतो, मी चालवतो त्याला. माझं मत: मारावा. आणि हे मत मला मालिकांनीच दिलंय.

दुसऱ्याने चालवणं म्हणजे 'क्योंकि सास भी...'मधला मिहीर. 2001 मध्ये तो मेला, देशभर रडारड झाली, म्हणून परत आणला. मग एकामागून एक तीन नटांनी तोच मिहीर केला. 2025 च्या नव्या पर्वात पुन्हा पहिला नट! आईला काही वाटत नाही, म्हणते सवय होते. मला नाही होत. चेहरा बदलला की माझ्यापुरता तो माणूस संपला.

याच्या उलट 'द एक्सपान्स' बघा. माझी सगळ्यात आवडती मालिका, सहा सीझन, 2015 ते 2022. हिचं मूळच खेळात आहे. टाय फ्रँक हे जग आपल्या मित्रांना खेळवायचा. डॅनियल अ‍ॅब्रहॅमने ते पाहिलं आणि म्हणाला, याचं पुस्तक करूया. जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने एकूण नऊ कादंबऱ्या झाल्या, आणि त्यांच्यावरून मालिका. त्यात शेड नावाचा एक साधा, भित्रा माणूस आहे. वाटतं हा शेवटपर्यंत असणार. आणि बोलता बोलता एका सेकंदात त्याचं डोकं उडतं. मी लॅपटॉप पॉज करून नुसता बसून राहिलो होतो. नंतर वाचलं, मूळ खेळात शेड ज्याचा होता त्याला खेळ सोडावा लागला होता. बास, एवढंच कारण!

पाचव्या सीझनच्या शेवटी अ‍ॅलेक्स मरतो, तेही तसंच. नट पुढच्या सीझनला नसणार होता. कादंबरीत अ‍ॅलेक्स तिथे मरत नाही. तसा मृत्यू वेगळ्याच पात्राचा आहे. म्हणजे टेबल असो की स्टुडिओ, खेळाडू गेला की पात्र गेलं. आणि तरी दोन्ही मरणं खरी वाटतात, कारण जागा रिकामी दिसते. लपवलेली नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर एकीने एकच ओळ टाकली, 'म्हणजे तो परत येणार नाही असं आपणच ठरवायचं का?'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भैरूला गावाला पाठवायचं म्हणणाऱ्यांना नियमांशी देणंघेणं नव्हतं, हे तेव्हा कळलं. शेवटी रविवारी मी त्यालाच फोन लावला. मालिकेच्या लेखकाला जे करता येत नाही ते आपल्याला येतं, सरळ विचारता येतं.

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "मार ना. पण फाशावर मार. तू ठरवून नको."

नियम असा की पात्र कोसळलं की दर फेरीला फासा टाकायचा. दहा किंवा वर आला तर बरं, खाली आला तर वाईट. तीनदा बरं झालं तर जीव तगला, तीनदा वाईट झालं तर संपलं. गणित मांडून पाहिलं (इंजिनिअर ना!), भैरू वाचायची शक्यता 60 टक्क्यांच्या आसपास आहे. वाचला तर पुन्हा तेच भांडण, पण चालेल.

त्याचा निळा फासा माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिलाय. शनिवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल. फासा मी टाकणार, आकडा मोठ्याने तो वाचणार.