‘उद्या येतो’चा हिशेब

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणमधील कोणत्याही सोसायटीत चार माणसे एकत्र आली की हल्ली एक गाऱ्हाणे हमखास निघते. प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणाला, त्याला आठवडा झाला. सुताराने कपाटाचे दार काढून ठेवले आणि तो गावी निघून गेला. इलेक्ट्रिशियन पाहून गेला आणि मग फोन उचलेनासा झाला. ‘लोकांना आता कामच नको’ या निष्कर्षावर सर्वांचे एकमत होते व विषय संपतो. निदान सोपे आहे, पण चुकीचे आहे.

त्या ‘उद्या’मागील हिशेब एकदा मांडून पाहावा. दिव्यात किंवा टिटवाळ्यात राहणारा प्लंबर डोंबिवलीत गळका नळ पाहायला येतो. जाण्यायेण्यात तास-दीड तास. नळ उघडल्यावर आटे झिजलेले दिसतात, म्हणून हार्डवेअरच्या दुकानाची एक फेरी. जुन्या इमारतीतला कॉक गंजून बसलेला, म्हणून गच्चीवरची टाकी बंद करण्यासाठी चिटणिसांचा शोध. अर्धा दिवस खर्ची घालून तो तीनशे-चारशे रुपये मागतो, तेव्हा आपण उद्गारतो, “वॉशर तर दहा रुपयांचा!” डॉक्टरांची फी देताना गोळीची किंमत कोणी काढत नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या मनोऱ्यांत त्याच माणसाला महिनोन्‌महिने सलग काम आहे. ते सोडून त्याने आपल्या वॉशरसाठी का यावे?

पूर्वी हे जमत असे, त्यामागे कारखाने होते. वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, अंबरनाथ, शहाड, मोहने या पट्ट्यात फिटर आणि वायरमन घडत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाला यंत्रासमोर उभे राहून शिकता येई. पाळी सुटल्यावर तोच शेजारचा पंखा, मोटार नीट करून देई. राहायला त्याच चाळीत असल्याने बिघडलेल्या कामाचे तोंड त्याला चुकवता येत नसे. पुढे वागळे इस्टेटमधील कित्येक कारखान्यांच्या जागी कार्यालये आली. मोहन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. रोजगार गेल्याची चर्चा झाली. हात घडविणारी शाळा गेली, त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही.

त्याही आधी गावगाड्यात सुतार-लोहाराने पेरणीपूर्वी औते सजवून द्यावीत आणि खळ्यावर आपला वाटा न्यावा, असा वर्षाचा बांधील व्यवहार होता. तो जन्माने जखडलेला होता, आणि कसब वाढविण्याची ईर्षा त्यात मरत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त त्याचे दोष परखडपणे दाखविले आहेत. ती जातिबद्ध व्यवस्था पुन्हा नकोच. वर्षभराचा करार मात्र घेण्यासारखा आहे.

‘ही सगळी कामे बाहेरच्यांनी घेतली’, असेही ऐकू येते. ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्याचे तरुण आज देशभर नळकाम करतात. तेथील पट्टामुंडाईत प्लंबिंगची शासकीय संस्थाच आहे. त्यांनी आपल्याकडून काय हिसकावून घेतले? दहावीला साठ टक्के मिळालेल्या मुलाला आयटीआयचा अर्ज आणून देणारे मध्यमवर्गीय घर आपल्या ओळखीत किती आहेत? श्रमप्रतिष्ठेवर आपण बौद्धिके ऐकतो आणि वधूवर मेळाव्यात वायरमनचा कागद बाजूला ठेवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, गवंडी, कुलूपवाला धरून अठरा व्यवसाय आहेत. तीही पारंपरिक कारागिरांपुरती. शहराला रोज लागणारे प्लंबर व इलेक्ट्रिशियन त्या अठरांत नाहीत.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. नवी वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. न्हाणीघरात गीझर बसविणाऱ्याला मात्र ‘तुझा परवाना आहे का?’ असे कोणी विचारत नाही. अर्थिंग न तपासता जोडलेला गीझर जिवावर बेततो. त्यातून घरोघरी दोनच वृद्ध. मुले पुण्यात, बंगळूरला, अमेरिकेत. मोबाइलवरून बोलावलेला माणूस वेळेवर येतोही, पण प्रत्येक वेळी नवा चेहरा. आजी दार उघडायला कचरतात.

लिफ्टसाठी प्रत्येक सोसायटी वार्षिक देखभालीचा करार करते. मग नळ-विजेसाठी का नको? साठ सदनिकांनी दरमहा शंभर रुपये दिले तर सहा हजार होतात. एक आयटीआय शिकलेला, परवाना असलेला तरुण त्यात आठवड्यातून दोन सकाळी येऊ शकेल. सामानाचे पैसे वेगळे, मोठ्या कामाची मजुरी वेगळी. अशा चार-पाच सोसायट्या मिळाल्या की त्याचे घर चालेल आणि हाताखाली एखादा शिकाऊ मुलगाही ठेवता येईल. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. वाहनतळावरच्या नेहमीच्या भांडणाआधी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेता येईल.