रस्ते येतील; गाडी कधी येणार?

औंढा नागनाथला रेल्वे नाही. पूर्णा-अकोला लोहमार्ग वसमतहून हिंगोलीकडे जाताना या गावाला बाजूला ठेवून जातो. त्यामुळे नागनाथाच्या दर्शनाला येणारा भाविक असो, तहसील कचेरीत खेटे घालणारा शेतकरी असो की महाविद्यालयात शिकणारी खेड्यातली मुलगी असो, साऱ्यांची भिस्त रस्त्यावर. हिंगोली, परभणी, जिंतूर आणि वसमत अशा चहूकडून रस्ते येथे येऊन मिळतात. अशा गावाच्या बसस्थानकातल्या बाकावर बसून राज्याच्या आणि देशाच्या वाहतूक धोरणाकडे पाहिले, तर ते मंत्रालयाच्या खिडकीतून दिसते त्यापेक्षा बरेच वेगळे दिसू लागते.

पाहण्याची सुरुवात एका दुःखद घटनेपासून करावी लागते. ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी वसमत तालुक्यातील गुंज गावच्या मजूर स्त्रिया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतकामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात जणींचा बुडून मृत्यू झाला. मंत्र्यांनी शोक व्यक्त केला, मदत जाहीर झाली, वर्तमानपत्रांनी काही दिवस बातम्या दिल्या. पुढे नेहमीप्रमाणे सारे शांत झाले. ट्रॅक्टरची ट्रॉली ही माल वाहण्यासाठी असते, तीतून माणसे नेणे कायद्याला मान्य नाही, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. ते त्या स्त्रियांनाही ठाऊक असणार. प्रश्न एवढाच, की कामाच्या वेळेला शिवारापर्यंत नेणारी दुसरी कोणती गाडी आपल्या धोरणाने त्यांच्यासाठी ठेवली होती?

या एका प्रश्नाच्या कसोटीवर गेल्या काही वर्षांतील निर्णय घासून पाहण्यासारखे आहेत.

दर्शनाचा महामार्ग

औंढ्याच्या वाट्याला येऊ घातलेला सर्वांत मोठा प्रकल्प म्हणजे नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्ग. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली. माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर ही शक्तिपीठे, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही ज्योतिर्लिंगे, शिवाय पंढरपूर, अंबाजोगाई अशी तीर्थक्षेत्रे एका धाग्यात ओवायची, ही त्यामागची कल्पना. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मान्यता दिली, तेव्हाच्या आखणीनुसार लांबी ८०२ किलोमीटर, जिल्हे १२, खर्च सुमारे ८६ हजार कोटी रुपये आणि त्यापैकी भूसंपादनादी कामांसाठी २०,७८७ कोटींची तरतूद. नागपूर-गोवा प्रवास १८ तासांवरून ८ तासांवर येणार, असे सांगितले गेले.

विकासाला विरोध कोण करील? तरीही कोल्हापूर-सांगलीपासून हिंगोली जिल्ह्यापर्यंत शेतकरी या रस्त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांचे भांडण प्रामुख्याने बागायती जमिनीचे आणि मोबदल्याचे आहे. हळदीच्या रानातून रस्ता गेला, तर एकदा मिळालेला पैसा किती पिढ्या पुरणार, हा त्यांचा सवाल आहे. तो रास्तच आहे. पण त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा मुद्दा मात्र चर्चेत फारसा आलेला नाही. प्रवेशनियंत्रित द्रुतगती रस्ता म्हणजे काय, हे मराठवाड्याने शेजारच्या समृद्धी महामार्गावर पाहिले आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी असा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला आणि तीनचाकीला मज्जाव आहे. चढण्या-उतरण्याच्या जागा ठरावीक आणि दूरदूर आहेत. म्हणजे ज्यांच्या शेतातून रस्ता जातो, त्यांच्याजवळ जे वाहन असते, तेच त्या रस्त्यावर चालत नाही. शेताचे दोन तुकडे झाले, तर एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला भुयारी मार्ग शोधत फिरायचे. रस्ता गावातून जातो, पण गावाचा होत नाही.

वेगाचीही एक किंमत असते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा कोळसा झाला. रस्ता उत्तम होता. रस्ता उत्तम झाला की सुरक्षितता आपोआप येते, हा समज त्या रात्री खोटा ठरला.

विमानाला अनुदान, एसटीला कर

आता थोडे वर पाहू. औंढ्याला जवळचा विमानतळ नांदेडचा. एप्रिल २०१७ मध्ये केंद्राच्या ‘उडान’ योजनेखालील पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबाद विमान होते. एका तासाच्या प्रवासाला अडीच हजार रुपये ही भाड्याची कमाल मर्यादा, ती ठरावीक आसनांपुरती. कंपनीला येणारी तूट सरकारी निधीतून भरून द्यायची, त्यात राज्याचा वाटा वीस टक्के. शिवाय विमानाच्या इंधनावरील विक्रीकर एक टक्क्यावर. एवढे करूनही ती विमान कंपनी २०२२ च्या सुरुवातीला बंद पडली. नांदेडला नियमित विमान पुन्हा दिसले ते २०२४ मध्ये, दुसऱ्या कंपनीचे.

याच काळात एअर इंडिया विकली गेली. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झालेली ही कंपनी जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे गेली. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. विमानाने जाणाऱ्याला पर्याय असतात आणि सरकारने विमान चालवलेच पाहिजे, असा काही वेदमंत्र नाही. पण व्यवहार कसा झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कंपनीवर ६१,५६२ कोटींचे कर्ज होते. त्यातले १५,३०० कोटी टाटांनी अंगावर घेतले. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या खात्यावर राहिले. घर विकण्यापूर्वी आधीच्या मालकाने रंगरंगोटी करून द्यावी, तसा ताळेबंद साफ करून दिला गेला.

आता एसटीकडे वळू. महाराष्ट्र एसटीचा वाढदिवस साजरा करतो तो १ जून १९४८ या दिवशी सुटलेल्या पुणे-अहमदनगर गाडीचा. मराठवाड्यात सरकारी गाडी त्याआधीची. निजाम संस्थानाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली सारे धागे जुळून आजचे महामंडळ उभे राहिले. म्हणजे प्रवासी गाडी ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार या भागात लोकशाहीच्याही आधी आलेला आहे! ‘गाव तिथे एसटी’ ही घोषणा नंतरची.

त्या एसटीचा संचित तोटा आज दहा हजार कोटींहून अधिक झाला आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस पेटलेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला संप तिने सोसला. त्या महिन्यांत खेड्यापाड्यांतला जो प्रवासी काळीपिवळीकडे वळला, तो सगळा परत आलेला नाही. भाड्यात १४.९५ टक्के वाढ जानेवारी २०२५ मध्ये झाली. आणि या सगळ्यात महामंडळाला प्रवासी उत्पन्नावर साडेसतरा टक्के प्रवासी कर भरावा लागत आला आहे. नांदेडच्या विमानात बसणाऱ्यासाठी राज्य तिजोरीतून पैसे घालते आणि औंढ्याच्या बसमध्ये बसणाऱ्याकडून कर घेते. हे कोणी दुष्टपणाने ठरवले असेल, असे नाही. दोन निर्णय दोन खात्यांत, दोन काळांत झाले. ते शेजारी ठेवून पाहण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे झाले. या दुसऱ्या निर्णयाने खेड्यातल्या बाईला माहेर, बाजार आणि दवाखाना जवळ आला, हे कोणत्याही बसस्थानकावर डोळ्यांनी दिसते. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. ज्या वाडीला गाडीच जात नाही, किंवा दिवसातून एकदाच जाते, तिथल्या बाईला अर्धे तिकीट काय आणि पूर्ण काय! ती काळीपिवळीला पूर्ण भाडे मोजते किंवा ट्रॉलीत बसते.

दंडाची सुरक्षा

राहिला रस्ता सुरक्षेचा कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबरपासून दंड अनेक पटींनी वाढले. विनापरवाना गाडी चालवल्यास ५०० ऐवजी ५,००० रुपये. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. त्या वेळी विधानसभा निवडणूक तोंडावर होती, म्हणून महाराष्ट्राने हे दर लगेच लागू केले नाहीत. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये राज्याने आपले सुधारित दर जाहीर केले. कायदा वाईट नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची सुमारे ४४ टक्के. महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा हजारांवर बळी जातात. हेल्मेटची सक्ती कोणाला जाचक वाटत असली, तरी ती हवीच.

परंतु दंड हा पर्याय असलेल्या माणसाला सुधारतो. पर्याय नसलेल्याला तो फक्त आणखी गरीब करतो. काळीपिवळीत दाटीवाटीने बसलेले, दुचाकीवर तिघे, ट्रॉलीत पंधरा, ही बेशिस्त आहेच. पण ती पुष्कळदा न आलेल्या बसची सावली असते. शेवटची गाडी संध्याकाळी लवकर सुटत असेल, तर रात्री परतणारा तरुण दुचाकीच घेणार. म्हणून बसची फेरी वाढवणे हे महामंडळाचे केवळ धंद्याचे काम राहत नाही. ते अपघात टाळण्याचेही काम ठरते. रस्ता सुरक्षेच्या सप्ताहात फलक लावून हे साधत नाही.

कोणी म्हणेल, एसटी काही शेताच्या बांधापर्यंत जाणार नाही. खरे आहे. पण गावातून फाट्यापर्यंत पहाटेची एक लहान गाडी जाऊ शकते. हंगामात मजूर नेण्यासाठी परवाना दिलेली, विमा असलेली चारचाकी उभी करता येते आणि तिच्या भाड्याचा काही भाग सरकारला उचलता येतो. विमानातील रिकाम्या आसनाची तूट भरून देणाऱ्या सरकारला हे अवघड नसावे. शिवाररस्त्यांलगतच्या विहिरींना कठडे बांधणे हे तर जिल्हा पातळीवरच होण्यासारखे काम आहे. आणि एसटीवरचा प्रवासी कर निदान ग्रामीण फेऱ्यांपुरता माफ करायला कोणत्या जागतिक निविदेची गरज आहे?

मोजमाप बदलावे लागेल

मूळ अडचण मोजण्याची आहे. नागपूर ते गोवा किती तास, हे आपण मोजतो. गुंजहून वसमतला, किंवा औंढा तालुक्यातल्या एखाद्या तांड्याहून ग्रामीण रुग्णालयात किती तास लागतात आणि कशातून, हे मोजण्याची पद्धत नाही. जे मोजले जात नाही, त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. याच औंढा तालुक्यात दूधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या ताऱ्यांची थरथर जिथे टिपायची, त्या तालुक्यात सकाळची बस आली की नाही, याची नोंद ठेवणे कठीण जाऊ नये.

औंढ्याच्या देवळाची एक आख्यायिका महाराष्ट्राला माहीत आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही. ते मागे जाऊन उभे राहिले, तेव्हा देऊळच त्यांच्या बाजूला फिरले. आख्यायिकेचा इतिहास कोणी तपासू नये, तिचा अर्थ घ्यावा. मागे ढकललेल्या माणसाकडे देवाने तोंड वळवले, असा तो अर्थ. धोरणाचे तोंड आज महामार्गाकडे आणि विमानतळाकडे आहे. तिकडेही ते असायला हरकत नाही. पण आलेगावच्या विहिरीत बुडालेल्या सात जणी गावाच्या मागच्या वाटेने निघाल्या होत्या, आणि त्या वाटेकडे ते अजून वळायचे आहे.