बंदीचे ६१ दिवस खुब्याला पुरत नाहीत



या पानावर मी सहसा डिझेलचे अर्ज, लायसन्सच्या तारखा आणि ऑफिस कधी बंद राहणार एवढंच टाकतो. आज जरा लांब लिहितोय. मे महिना लागला की ऑफिसच्या खिडकीवर एक प्रश्न हमखास येतो. "सचिव, १ जूनला बंदी लागते. खुब्याचं ऑपरेशन तेवढ्यात उरकून घेतो आणि १ ऑगस्टला बोटीवर. जमेल ना?" या वर्षी दोघांनी विचारलं. मी दोघांनाही नाही म्हटलं, तर एक जण रागावून गेला. त्याच्यासाठी आणि बाकीच्यांसाठी हे लिहितो.

मी डॉक्टर नाही, बारावी शिकलेला माणूस. पण गेल्या वर्षी हाच सल्ला मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला दिला होता. "दादा, जूनमध्ये उरक, ऑगस्टला मोकळा." सल्ला माझा, भोगलं त्याने.

दादाला तुम्ही बहुतेक सगळे ओळखता. वय ५२, तीस वर्षं तांडेल. त्याच्या दुखण्याची सुरुवात गुडघ्यातून झाली. निदान आम्हाला तसं वाटलं. उजवा गुडघा दुखतो म्हणून वर्षभर गुडघ्याला तेल, गुडघ्याला पट्टा. गुडघ्याचा फोटो काढला तर तो चांगला. मग एका डॉक्टरने त्याला उताणा झोपवून पाय आत-बाहेर फिरवला आणि दादा ओरडला. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. जांघेत दुखत असेल, चप्पल घालताना किंवा पायाची नखं कापताना पाय वर येत नसेल, तर दुखणं गुडघ्याचं आहे असं धरून बसू नका. कमरेखालच्या हाडाचा फोटो काढून घ्या.

फोटोत दिसलं ते असं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं, ते चपटं झालेलं. त्या चेंडूचा रक्तपुरवठा बंद पडला की आतलं हाड मरतं आणि हळूहळू खचतं. कारणं अनेक असतात. जुना मार असतो, स्टेरॉइडची औषधं असतात, आणि दारू असते. डॉक्टरने दादाला विचारलं, रोज किती? दादाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. जेटीवर हे कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहून टाकतो: आपल्यात चाळिशी-पन्नाशीत खुबा जातो तेव्हा नुसतं बोटीच्या हलण्याला दोष देऊन चालणार नाही. आणि दमा, अंगदुखी, अशक्तपणा यांवर कोणीतरी दिलेल्या "ताकदीच्या" गोळ्या महिनोन्‌महिने खाताना त्यात स्टेरॉइड नाही ना, हे विचारत जा. हे सुरुवातीलाच एमआरआयमध्ये पकडलं गेलं, तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करायचं लहान ऑपरेशन असतं. त्याने काही जणांचा सांधा वाचतो. आमची ती वेळ निघून गेली होती.

तरी दादाने दोन मोसम काढले. पळोवया, पळोवया म्हणत. केबिनमध्ये गोळ्यांची पट्टी टांगलेली असायची, सकाळी एक, रात्री एक. दुखणं थांबायचं नाही, फक्त पुढच्या फेरीपर्यंत ढकललं जायचं. शेवटी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. या गोळ्या रोज खाल्ल्या की मूत्रपिंडावर आणि पोटावर येतं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मेडिकलवाला गोळ्या देतो, मूत्रपिंड देत नाही. वैनी म्हणाली, "आता पुरे. रात्री कूस बदलताना पण कण्हतात." माझ्या मते ऑपरेशन कधी करायचं याचं उत्तर फोटोपेक्षा घरच्या माणसाला जास्त कळतं. रात्रीची झोप जाते, रोज गोळी लागते, माणूस जिना टाळायला लागतो, देवळात बाहेरच उभा राहतो. तेव्हा वेळ झालेली असते.

भीती सगळ्यांना असते. दादालाही होती. "आत लोखंड घालणार, ते किती दिवस टिकणार?" हे काही नवं फॅड नाही. आजच्या पद्धतीचा खुबा इंग्लंडमध्ये जॉन चार्नली या सर्जनने १९६२ च्या सुमारास बसवायला सुरुवात केली. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात जुन्या नोंदींचा हिशोब आला होता, त्यात बदललेल्या खुब्यांपैकी दहातले साधारण सहा २५ वर्षं टिकतात असं निघालं. म्हणजे ५२ व्या वर्षी बसवला तर पुन्हा बदलायची वेळ येऊ शकते, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. हे खरं आहे, लपवत नाही. पण म्हणून वीस वर्षं लंगडत काढायची का?

पैशाचं थोडक्यात. दीनदयाळ कार्डावर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण कार्ड रिन्यू केलेलं पाहिजे. खिडकीवर येणाऱ्या कित्येकांचं कार्ड कपाटात असतं आणि मुदत संपलेली असते. खुब्याचा कोणता सांधा किती रकमेपर्यंत बसतो ते हॉस्पिटलच्या डेस्कवर कार्ड दाखवून आधी लिहून घ्या. बांबोळीला गोमेकॉत दाखवा, मग खाजगीचं ठरवा. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर सरकारने २०१७ साली मर्यादा घातली आहे. तिच्या भरवशावर खुब्याचा अंदाज बांधू नका, ती गुडघ्यासाठी आहे. मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि अपघाताने हॉस्पिटलात राहावं लागलं तर २५ हजारांपर्यंत मिळतात. पण झिजलेला खुबा हा अपघात नव्हे. त्यासाठी ऑफिसात येऊन माझ्याशी भांडू नका.

आता मुद्द्यावर येतो.

दादाचं ऑपरेशन ६ जूनला झालं. हॉस्पिटलचं नाव घालत नाही, त्यांनी काम चोख केलं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा केला. जांघेतली ती जुनी कळ गेली होती, फक्त जखमेचं दुखणं. तो म्हणाला, "अरे, हे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं." साधारण दोन आठवड्यांनी टाके निघाले. पहिले काही दिवस रक्त पातळ ठेवायचं औषध होतं, कारण पायात रक्ताची गुठळी होऊन ती छातीत गेली तर जिवावर बेतते. पोटरी सुजली, लाल झाली, दम लागला तर घरी न थांबता हॉस्पिटल गाठायचं, हे वैनीने कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. झोपताना दोन पायांमध्ये उशी. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाटावर बसायचं नाही, कमरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. संडासाला कमोडची उंच खुर्ची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी ऑपरेशनच्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात. हे सगळं दादाने जुलैपर्यंत शाळकरी पोरासारखं पाळलं.

आणि त्यामुळेच घात झाला. सहा आठवड्यांनी माणूस इतका बरा दिसतो की सगळे फसतात. दुखत नाही, काठी घेऊन जेटीपर्यंत चालत येतो, लोक म्हणतात झाला की बरा! डिस्चार्जचा कागद इंग्रजीत होता. मी वाचला होता. त्यात बारा आठवडे खाली बसणं, वाकणं, वजन उचलणं बंद असं साफ लिहिलं होतं. ६ जूनपासून बारा आठवडे म्हणजे २९ ऑगस्ट. १ ऑगस्टला फक्त आठ आठवडे भरत होते. हा हिशोब मला येत होता. तरी मी गप्प बसलो, कारण नवीन जाळं घेतलं होतं, खलाशी गावाहून परतले होते, बँकेचा हप्ता होता. दादा म्हणाला, "मी फक्त केबिनमध्ये बसतो, सुकाणू धरतो." मी म्हटलं, बस.

बोटीवर "फक्त बसणं" असं काही असतं का? तुम्हीच सांगा. पाचव्या दिवशी जाळं ओढताना एका ठिकाणी अडकलं. तीस वर्षांची सवय, दादा केबिनमधून बाहेर आला, उलट्या क्रेटवर बसला, वाकला आणि वळला. खटकन आवाज झाला. पाय आखूड होऊन आत वळलेला. नवीन चेंडू वाटीतून बाहेर आला होता. ऑपरेशननंतर सांध्याभोवतीची कापलेली शिरा-मांसं पुरती जुळेपर्यंत हा धोका असतो आणि पहिल्या तीन महिन्यांत तो सगळ्यात जास्त असतो. बोट परत यायला चार तास लागले. त्या चार तासांबद्दल दादा अजून बोलत नाही. जेटीवर १०८ उभी होती. भूल देऊन सांधा जागेवर बसवला, नशीब की पुन्हा कापावं लागलं नाही. पण सगळे नियम पहिल्यापासून सुरू, वर पट्टा. चवथीला गणपतीचा पाट दरवर्षी दादा आणतो. गेल्या वर्षी त्याच्या मुलाने आणला आणि दादा आरतीला खुर्चीवर बसून होता. बोटीवर तो गेला नोव्हेंबरच्या मध्यावर. चार आठवडे वाचवायला गेलो आणि साडेतीन महिने घालवले.

म्हणून माझं मत असं आहे. बंदी बघून खुब्याची तारीख ठरवू नका. हलती, ओली डेक म्हणजे घरची पडवी नाही. जमिनीवर चालायला सहा आठवडे पुरत असतील, पण डॉक्टरला "कामावर कधी जाऊ" असं मोघम विचारलं तर तो खुर्चीतलं काम समजतो. त्याला सांगा की बोट हलते, मासळी निवडायला उकिडवं बसावं लागतं, क्रेट उचलावे लागतात. मग तो काय सांगतो ते ऐका, आणि ते कागदावर घ्या. मोसमाशी जुळवायचंच असेल तर एप्रिलमध्ये करा. मे महिन्यातल्या कितीतरी फेऱ्यांत डिझेलसुद्धा सुटत नाही, आपापल्या वह्या काढून बघा. एप्रिलमध्ये केलं तर ऑगस्टपर्यंत तीन महिन्यांच्या वर होतात. या मेमध्ये ज्यांनी विचारलं, त्यांनी जूनमध्ये जरूर करावं. पण ऑगस्टसाठी दुसरा तांडेल आत्ताच बघून ठेवावा.

इथे बोटमालक म्हणतील, सचिवाला बोलायला काय जातं? दुसऱ्या तांडेलाला पैसे द्यायचे आणि घरी बसलेल्यालाही? मलाही हे सोपं वाटत नाही, आमचीही बोट कर्जावर आहे. पण माणूस आठव्या आठवड्यात बोटीवर चढतो तो हौसेने नाही. जागा जाईल म्हणून चढतो. तांडेल किंवा खलाशी खुब्याच्या नाहीतर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बसला, तर डॉक्टरच्या कागदावरच्या तारखेपर्यंत त्याची जागा राखायची आणि मोसमातल्या त्या दिवसांचा अर्धा वाटा बोटीच्या खर्चात धरायचा, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अर्धा जास्त वाटत असेल तर पाव म्हणा, पण आकडा ठरवा. बाहेरच्या राज्यांतून आलेल्या खलाशांनाही तो लागू असावा. त्यांना तर इथे उशी ठेवणारी वैनीसुद्धा नसते. विरोध असेल त्याने सभेत उठून बोलावं, इथे अंगठा दाखवून नको.

एक गोष्ट वेगळी, तिची यात सरमिसळ करू नका. घरातली म्हातारी माणसं पडली आणि पाय टेकता येत नसेल तर तो खुब्याचा मोड असू शकतो. तिथे मोसम, एप्रिल, पळोवया काही नाही. चोळायचं नाही, हाड बसवणाऱ्याकडे न्यायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. अशा मोडात ऑपरेशन जितकं लवकर, एक-दोन दिवसांत, तितकं बरं, कारण म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की छातीत कफ, पाठीला जखमा सुरू होतात.

दादा आता बरा आहे. लंगडत नाही. गोळी नाही, दारू सोडली म्हणतो, निदान माझ्यासमोर तरी. डेकवर वाकून काम करायला आता भाच्याला सांगतो आणि त्याच्यावर ओरडतो.

त्याचा वॉकर, काठी आणि कमोडची खुर्ची ऑफिसात आणून ठेवली आहे. लागेल त्याने वहीत सही करून न्यावी, भाडं नाही. खुर्ची परत आणताना धुवून आणा.

— सचिव