"सुकलं" म्हणजे नेमकं काय झालं?

फोनवर आपण एकच सांगतो: पीक सुकलं. हा शब्द आपलं नुकसान करतो, असं माझं मत झालंय.

मागच्या खरिपात बांधाकडची तूर मलूल दिसायला लागली. मणिबेलीत रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, त्यामुळे बोलणं तोडकंच. म्हटलं, "तूर सुकतेय." पाऊस उघडून आठवडा झाला होता. उत्तर आलं, "पाणी द्या." वरची माती कोरडी होती, म्हणून मी इंजिन लावलं. पण खाली बांधाला पाणी अजून तुंबलेलंच होतं, ते मी उकरून बघितलंच नाही. मुळांना हवा मिळाली नाही की ती पाणी ओढत नाहीत. झाड ओलीत उभं असतं आणि तहानल्यासारखी मान टाकतं. निम्मा तुकडा गेला. सांगणाऱ्याला काय दोष देऊ? मीच धड सांगितलं नव्हतं.

शब्द आपल्याकडे काय कमी आहेत? दुपारच्या उन्हात पानं खाली आली आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहिली, तर पिकाने नुसत्या माना टाकल्या. सकाळीही तशीच असली तर दुखणं खरं. दाणा भरून ज्वारीचं कणीस लवलं, तर आनंदच. वाऱ्याने ताटं आडवी झाली तर ज्वारी लोळली. दोन्हीला "वाकली" म्हटलं तर पंचनाम्याला आलेला माणूस काय लिहिणार?

"मर" मात्र जपून म्हणा. मर लागलेलं तुरीचं झाड पिवळं पडून उभ्या उभ्या वाळतं. खोड चिरलं की सालीखाली तपकिरी-काळ्या रेषा दिसतात. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, तिच्यावर पाणी हा इलाज नाही. ज्वारीत तूर पेरली की मर कमी राहते. जुनी माणसं पेरायची तशीच.

मराठी शब्द आठवला नाही तर घरातला भिली, पावरी शब्द सांगा, लाजू नका. पण सोबत किती झाडं, शेताच्या कुठल्या भागात, बुडाशी ओल किती, एवढं सांगाच.

आणि कृषीवाल्या साहेबांना विनंती: "सुकलं" ऐकल्यावर औषधाचं नाव घेण्याआधी विचारा, सकाळी उभं राहतंय का?