चिकटणारा रेणू म्हणजे औषध नव्हे

व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी २०२४ चे नोबेल मिळाले आणि ‘कर्करोगावर नवा उपाय’ अशा मथळ्यांना पुन्हा भरती आली. मायक्रोआरएनएला लक्ष्य करणाऱ्या एकाही औषधाला अद्याप मान्यता मिळालेली नाही, ही बाब त्या मथळ्यांत क्वचितच आढळते. असे का, हे समजून घेण्यास दिल्लीतील एक उदाहरण पुरेसे आहे.

मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ घटकांची इवलीशी साखळी. ती स्वतः प्रथिन बनवत नाही. संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मितीला लगाम घालते. ‘मिर-२१’ ही अशीच एक साखळी अनेक कर्करोगांत प्रमाणाबाहेर वाढते आणि पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणाऱ्या प्रथिनांनाच दाबून टाकते. सीएसआयआरच्या दिल्लीतील ‘आयजीआयबी’ या संस्थेत सौविक मैती यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवून दिले की, क्षयरोगावरील जुने औषध स्ट्रेप्टोमायसिन हे मिर-२१ च्या पूर्वरूपाला थेट चिकटते. केसांच्या आकड्याप्रमाणे दुमडलेले हे पूर्वरूप ‘डायसर’ नावाचे विकर कापते, तेव्हाच मिर-२१ सिद्ध होते. मध्ये स्ट्रेप्टोमायसिन बसले की ही कात्री अडते.

निष्कर्ष देखणा आहे. परंतु स्ट्रेप्टोमायसिनचे मूळ कार्यच मुळी जिवाणूंच्या रायबोसोममधील आरएनएला चिकटण्याचे. आरएनएच्या घड्यांची ही ओढ एका घडीपुरती मर्यादित राहत नाही. या औषधाने श्रवणशक्ती कायमची जाऊ शकते, हे क्षयरोगाच्या डॉक्टरांना अनेक दशके ठाऊक आहे. शिवाय जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, तिथे हेच प्रतिजैविक कर्करोगासाठी सढळ हाताने वापरणे म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंना आमंत्रणच. म्हणूनच हा शोध ‘जुन्या गोळीचा नवा उपयोग’ म्हणून नव्हे (स्ट्रेप्टोमायसिनची गोळी नसते, इंजेक्शन असते), तर रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आलेला एक नमुना म्हणून वाचायला हवा.

परदेशातील अनुभवही हेच सांगतो. मिर-३४ ची नक्कल असलेले ‘एमआरएक्स-३४’ रुग्णांना देण्यात आले. प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रिया उद्भवल्या, रुग्ण दगावले, आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर अंकुश ठेवतो. त्याला हात लावला की नेमकी कोणती दारे उघडतील, हे काचपात्रातील पेशी सांगू शकत नाहीत.

मिर-२१ ची घडी तेवढी ओळखणारा, गाठीपर्यंत पोचणारा आणि कानाला इजा न करणारा रेणू घडवणे हे खरे काम. त्यात वर्षानुवर्षे निष्फळ प्रयोग होतात आणि शोधनिबंध थोडेच निघतात. तीन वर्षांच्या प्रकल्प-अनुदानात ते बसत नाही, आणि आपल्याकडील बहुतेक अनुदाने तेवढ्याच मुदतीची असतात.