फवारा मारला की झालं?

"कीड पडली? मारा फवारा!" हे वाक्य आपल्याकडे आरतीसारखं पाठ असतं. मलेशियातल्या तेलमाडाच्या मळ्यांनी मात्र या आरतीची किंमत साठेक वर्षांपूर्वीच मोजली आहे.

तिथे एक अळी असते, बॅगवर्म. पानांच्या तुकड्यांची पिशवी विणून त्यात राहते. १९५० नंतर तिच्यासारख्या किडींवर डीडीटी, एन्ड्रिन वगैरे फवारलं गेलं. अळी पिशवीत सुरक्षित राहिली. मेल्या त्या तिच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या! साथ उलट वाढली. बी. जे. वुड या कीटकशास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं आणि फवारणी थांबवल्यावर ती ओसरली.

मग काय अळीला पाहुणचार करायचा? नाही हो. आधी झावळीवरच्या अळ्या मोजा. फारच झाल्या तर बीटी हे जिवाणूजन्य औषध वापरा. गांधीलमाश्यांना मध मिळावा म्हणून बांधावर फुलझाडं लावा. गेंड्या भुंगा कुजक्या खोडात वाढतो, ती खोडं बारीक तुकडे करून पसरा.

आणि परागीभवन करणारा सोंडकिडा? १९८१ साली तो कॅमेरूनहून मलेशियात आणला, तेव्हा कुठे हाताने परागीभवन करणं सुटलं. सरसकट विष मित्र-शत्रू ओळखत नाही.

२०२१ च्या योजनेत आपण १० लाख हेक्टर तेलमाडाचं लक्ष्य ठेवलं. रोपांवर अनुदान दिलं, छानच. पण अळ्या मोजायला कोण शिकवणार? ते काम औषधविक्रेत्यावर सोडलं, तर दुसऱ्याने गिरवून झालेला धडा आपला शेतकरी स्वतःच्या पैशाने पुन्हा गिरवेल.