शब्दबोध : हिंड्रन्स



तुर्भ्याच्या आमच्या वस्तीतला एक मुलगा नोकरीसाठी दुबईला निघाला. त्याच्या आईने पासपोर्ट माझ्या हाती दिला. "भाऊ, यात काय लिहिलंय, वाचून सांगा."

आत राष्ट्रपतींच्या नावाने विनंती छापलेली असते : या व्यक्तीला 'विदाऊट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावे. मुलाने विचारले, "लेट म्हणजे उशीर ना?" नाही. उशिराच्या लेटचे स्पेलिंग वेगळे. हा 'लेट' जुना, त्याचा अर्थ अडवणूक. आज मात्र त्याच स्पेलिंगचा 'लेट' म्हणजे करू देणे, अगदी उलट! आणि 'हिंड्रन्स' म्हणजे अडथळा. हिंदीत तिथे 'बिना रोक-टोक' असे लिहिलेले आहे.

'हिंडर' हे क्रियापद जुन्या इंग्रजीतले, 'बिहाइंड'च्या, म्हणजे 'मागे'च्या घराण्यातले. मागे खेचून ठेवते ते हिंड्रन्स. नाम लिहिताना 'हिंडर'मधला 'ई' गळतो. मुले इथेच चुकतात. लक्षात ठेवायला सोपे : हिंड्रन्स म्हणजे हिंडू न देणे!

आपल्या समाजाला हे शब्दकोशातून शिकावे लागले नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. तरी पाण्याला हात लावता येईना. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. कागदावरचा अडथळा गेला, तरी माणसांच्या मनातला उरतो.

आपल्याही मनात अडथळे असतात. पालीत त्यांना 'नीवरण' म्हणतात, आणि इंग्रजीत त्यासाठी हाच शब्द वापरतात, हिंड्रन्स. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनीही तो वापरला आहे. नीवरणे पाच : लोभ, द्वेष, आळस, मनाची चंचलता आणि शंका.

तो मुलगा हळूच म्हणाला, "काका, तिथं सगळे इंग्रजी बोलणार. मला नाही जमणार." मी म्हटले, "बाळा, सरकारने बाहेरची वाट मोकळी करा म्हणून लिहून दिले. पण हे 'जमणार नाही' पासपोर्टने सुटत नाही. ते तुलाच सोडवायचे आहे."

तो निघेपर्यंत आम्ही रोज संध्याकाळी विहारात तासभर बसलो. पहिला शब्द हाच घेतला. तुमच्या घरी कुणी असा अडला असेल, तर त्यालाही विहारात पाठवा.

जयभीम! नमो बुद्धाय!